दप्तरातलं पुस्तक तुमचंही आहे



मी एका गावातल्या माध्यमिक शाळेत ग्रंथपाल आहे. पोरं मला ‘लायब्ररीच्या बाई’ म्हणतात. आज मला इथं बोलावलंय ते पुस्तकांविषयी सांगायला. मला कुठली आवडली, तुम्ही कुठली वाचावीत, असं. ते मी सांगणारच आहे. पण आधी एक गोष्ट बोलते, कारण ती तुमच्या-माझ्या घरातली आहे.

आमच्याकडे देवघेवीची नोंदवही असते. कुणी कुठलं पुस्तक नेलं, कधी परत आणलं, हे तिच्यात लिहायचं. सातवी-आठवी-नववीच्या पानांवर मुलींची नावं भरभरून दिसतात. एखादी तर अशी असते की शनिवारी पुस्तक नेते आणि सोमवारी दारात उभी, “बाई, झालं वाचून, दुसरं द्या.” दहावीची परीक्षा झाली की ही नावं थांबतात. काहीजणी तालुक्याला अकरावीला जातात, काहींचं लग्न ठरतं. तीन-चार वर्षांनी त्यातलीच कुणीतरी बाजारात भेटते. कडेवर लेकरू असतं. मी विचारते, “काय गं, काही वाचतेस का?” ती हसते आणि म्हणते, “कशाचं वाचन बाई, आता जोडाक्षर आलं की अडखळायला होतं.”

हे मी एकीकडून नाही, कितीतरी जणींकडून ऐकलंय. त्यात त्या पोरींचा दोष नाही. उपसा थांबला की विहिरीत गाळ साठतो, तसं हे आहे. सात-आठ वर्षं शाळेत घालवून कमावलेलं वाचन वापराविना बुजून जातं. मग होतं काय? वाचताना अक्षर ओळखण्यातच सगळं डोकं गुंततं आणि अर्थाला जागा उरत नाही. ओळ संपेपर्यंत ओळीची सुरुवात विसरायला होते. दोन ओळी वाचल्या की थकवा येतो. मग आपण म्हणतो, आपल्याला काही वाचन जमत नाही.

आणि हे फक्त गोष्टीच्या पुस्तकापुरतं राहत नाही. बचत गटाचं कर्ज घेताना चार-पाच पानांचा कागद समोर येतो. साहेब म्हणतात, “ताई, इथं सही करा.” आपण सही करतो. व्याज किती, हप्ता चुकला तर काय, जामीनदार म्हणून आपलं नाव लिहिलंय का, हे त्या कागदावर लिहिलेलं असतं. आपल्याला वाचता येत असतं, पण भराभर वाचायची सवय गेलेली असते. साहेबांना ताटकळत ठेवायला लाज वाटते. म्हणून न वाचताच सही होते. रोज चार पानं गोष्टीची वाचणारी बाई हा कागद बघून घाबरत नाही. ती म्हणते, “थांबा साहेब, वाचून घेते.” एवढं म्हणता यावं म्हणून तरी वाचन टिकवायचं.

आता तुम्ही म्हणाल, पुस्तक आणायचं कुठून? माझं म्हणणं असं की एक पुस्तक तुमच्या घरात आधीच येतंय. ते लेकराच्या दप्तरात आहे. शाळेच्या वाचनालयातून मूल जे गोष्टीचं पुस्तक आणतं, ते घरातल्या सगळ्यांसाठी आहे असं समजा. आमच्या शाळेतल्या एका मुलीला मी विचारलं होतं, “तू एवढ्या लवकर एवढं जाड पुस्तक वाचलंस?” ती म्हणाली, “मी नाही बाई, आई वाचते. मी तिच्यासाठीच नेते.” तेव्हापासून मी त्या मुलीला एकाऐवजी दोन पुस्तकं देते, एक तिचं आणि एक आईचं. नोंद मुलीच्या नावावर असते. तुमच्या शाळेतही शिक्षकांना किंवा मुख्याध्यापकांना विचारून बघा. पालकसभेत चारजणींनी मिळून विचारलं तर जास्त चांगलं.

चला, आता पुस्तकं सांगते. सोप्यापासून सुरू करते.

ज्यांचं वाचन बरीच वर्षं सुटलंय, त्यांनी जाड पुस्तकाला हातच घालू नका. ‘मृत्युंजय’ घरात आहे म्हणून पहिल्याच दिवशी ते उघडलं, तर दहाव्या पानावर पुस्तक मिटेल आणि पुन्हा उघडणार नाही. लहान मुलांची चित्रांची पुस्तकं घ्या. माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ मी कितीतरी आयांच्या हातात दिलंय. राधा नावाची छोटी मुलगी आपल्या घरातल्या माणसांविषयी सांगते, एवढंच त्यात आहे. वाक्यं लहान, अक्षर मोठं, आणि चित्रं अशी की घर आपलंच वाटावं. त्यांचंच ‘चित्रवाचन’ नावाचं पुस्तक आहे. त्यात चित्रंच चित्रं आहेत, गोष्ट आपण रचायची. ज्या आजीला अक्षर येत नाही, ती नातवाला मांडीवर घेऊन हे पुस्तक अख्खं ‘वाचू’ शकते. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. आजी चित्रातल्या बाईला नाव देते, तिचं सासर-माहेर ठरवते, नातू मधेच म्हणतो तसं नाही असं आहे, आणि अर्धा तास कसा जातो कळत नाही.

लेकराला मांडीवर घेऊन वाचताना आपलंही वाचन सुधारतं, बरं का. मूल एकच गोष्ट दहा वेळा वाचायला लावतं. आपल्याला कंटाळा येतो, पण तेच पान पुन्हापुन्हा वाचल्यामुळं आपली जीभ आणि नजर मोकळी होत जाते. शिवाय लाज वाटायचं कारण नाही. कुणी विचारलं तर सांगायचं, पोराला वाचून दाखवतेय.

त्यानंतर ‘किशोर’ मासिक. बालभारती ते १९७१ पासून काढतं. पोरांचं मासिक आहे, पण त्यातल्या गोष्टी, माहिती, कविता मोठ्या माणसालाही गोड लागतात. एक गोष्ट दोन-तीन पानांत संपते. भाकरी झाल्यावर आणि भाजी शिजेपर्यंत मधे जो वेळ मिळतो, तेवढ्यात होते. ज्यांच्याकडे मोठा मोबाईल आहे, त्यांना ‘किशोर’चे जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. घरातल्या कॉलेजच्या पोराला सांगा, तो काढून देईल.

आता जरा मोठं पुस्तक. ‘तोत्तोचान’ मला फार आवडतं. हे जपानचं आहे. तेत्सुको कुरोयानागी या बाईंनी आपल्या लहानपणच्या शाळेची हकीकत लिहिली, आणि चेतना सरदेशमुख-गोसावी यांनी ती मराठीत आणली. तोत्तोचान पहिलीतली मुलगी. वर्गात बसत नाही, खिडकीत उभी राहते, रस्त्यावरच्या बँडवाल्यांना बोलावते. शाळा तिला काढून टाकते. मग आई तिला दुसऱ्या शाळेत घेऊन जाते. तिथं आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक या पोरीला समोर बसवून म्हणतात, बोल, तुला काय सांगायचंय ते. ती तासन्‌तास बोलते आणि ते ऐकत राहतात. पुढं कधी कंटाळून ‘पुरे’ म्हणत नाहीत.

या पुस्तकातली माझी आवडती व्यक्ती तिची आई आहे. पोरीला शाळेतून काढून टाकलंय, हे ती पोरीला सांगतच नाही. नुसतं म्हणते, आपण नव्या शाळेत जाऊ या. मुलगी विशीची झाल्यावर तिला ते कळतं. ज्या आईला शाळेतून सारख्या तक्रारी येतात, ‘तुमचा मुलगा बसत नाही, ऐकत नाही’, तिनं हे पुस्तक वाचावं. आणि डब्याची गंमतही आहे त्यात. मुख्याध्यापक सगळ्या आयांना सांगतात की डब्यात काहीतरी समुद्रातलं द्या आणि काहीतरी डोंगरावरचं. मासळी नसेल तर समुद्रातली साधी वनस्पतीसुद्धा चालते. हे वाचल्यावर मला आपली एक बाई म्हणाली, “म्हणजे आपलं एक पालेभाजी आणि एक कडधान्य, तसंच की!” अगदी बरोबर.

यानंतर आपल्याकडच्या बायकांनी स्वतः लिहिलेली पुस्तकं सांगते. माझं स्वतःचं वाचन म्हणाल तर मी पुन्हापुन्हा यांच्याकडेच जाते. मोठमोठ्या कादंबऱ्या एकदा वाचून ठेवल्या जातात. पण यातल्या बायका घरातल्या माणसांसारख्या झाल्यात. अडचण आली की वाटतं, तिनं काय केलं होतं बरं?

पहिलं पुस्तक लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. त्यांचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वडील इतके सोवळ्याचे की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही, आणि हे सगळं त्या इतकं हसत सांगतात की वाचताना आपण खो-खो हसतो. अकराव्या वर्षी लग्न झालं. लिहायला-वाचायला त्या लग्नानंतर शिकल्या. नवरा कवी, नारायण वामन टिळक. मन मोठं, पण संसाराकडे लक्ष नाही, घरातले पैसे कुणालाही देऊन मोकळा. पुढं त्यांनी बायकोला न विचारता ख्रिस्ती धर्म घेतला. त्या काळात हे केवढं संकट! काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या, खूप सोसलं, मग आपल्या विचारानं नवऱ्याकडे परत गेल्या, आणि पुढं स्वतःही तो धर्म स्वीकारला. हे पुस्तक १९३४ पासून छापून येऊ लागलं, तेव्हा त्या साठीच्या पुढं होत्या. लहान वयात अक्षरओळख नसलेल्या बाईनं म्हातारपणी लिहिलेलं हे पुस्तक आज मराठीतल्या उत्तम पुस्तकांत धरतात. ‘आता या वयात काय शिकायचं’ असं जी म्हणते तिच्या हातात मी हे ठेवते. पहिल्यांदा वाचताना सगळं वाचायलाच हवं असं नाही. लहानपणाचा भाग वाचा, तोच सगळ्यात मजेचा आहे.

दुसरं, रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. हे १९१० साली छापलं. भाषा जुनी आहे, म्हणून एकटीनं वाचण्यापेक्षा गटात कुणीतरी वाचून दाखवलं तर बरं. न्यायमूर्ती रानड्यांशी लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षर येत नव्हतं. नवऱ्यानं शिकवायला घेतलं. एवढ्या मोठ्या माणसानं शिकवायचं ठरवल्यावर कोण अडवणार, असं आपल्याला वाटेल. पण घरातल्या मोठ्या बायकांनी त्यांचं जिणं अवघड करून सोडलं. टोमणे, अबोला, वेगळं पाडणं, सगळं. विशेष म्हणजे त्या सुनेनं कामात कुचराई केलेली नव्हती. तिनं पुस्तक हातात घेतलं, एवढंच खुपत होतं.

हे मी मुद्दाम सांगतेय. आजही सून पुस्तक घेऊन बसली की पहिला आवाज बहुतेक वेळा घरातल्या बाईचाच येतो, “काही काम नाही वाटतं?” तीच सून तासभर टीव्हीसमोर बसली तर कुणी बोलत नाही, कारण तेव्हा सासूही शेजारी असते. म्हणून माझी सासूबाईंना विनंती आहे. सून वाचत असेल तर तिला म्हणा, “मोठ्यानं वाच गं, मलाही ऐकू दे.” एका वाक्यात घर बदलतं. सुनेला वेळ मिळतो आणि सासूला गोष्ट. रमाबाईंनी पुढं पुण्याच्या सेवासदनाच्या कामात आयुष्य घातलं आणि कितीतरी बायका शिकून आपल्या पायावर उभ्या राहिल्या. त्याची सुरुवात घरातल्या त्या टोमण्यांमध्ये पाटी धरून बसण्यापासून झाली होती.

तिसरं पुस्तक, बेबीताई कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’. फलटणच्या या बाई. छोटंसं दुकान चालवायच्या. माल बांधून द्यायला रद्दी यायची, ती रद्दी त्या वाचायच्या. विचार करा, आपण भेळ खाऊन कागद टाकून देतो. त्या कागदावरचं वाचत-वाचत ही बाई लेखिका झाली. आपल्या समाजाची, महार वस्तीवरच्या बायकांची सगळी हकीकत त्यांनी लिहून काढली, तीही घरच्यांपासून लपवून. वह्या कुणाची नजर जाणार नाही अशा जागी ठेवलेल्या. अशी बरीच वर्षं गेली. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्यामुळं ते लिखाण बाहेर आलं आणि १९८६ साली पुस्तक झालं. पुढं त्याचा इंग्रजी अनुवादही झाला.

हे पुस्तक वाचायला सोपं नाही, आधीच सांगते. भूक आहे, अंधश्रद्धा आहे, गावानं दिलेली हीन वागणूक आहे. कोवळ्या सुनांना झालेली मारहाण आहे, आणि ती करणाऱ्यांत त्यांच्याच घरातल्या बायकाही आहेत. बेबीताई कुणाचीच बाजू झाकत नाहीत. बाबासाहेबांचं ऐकून ज्या बायकांनी पोरं शाळेत घातली, त्यांचं चित्रही त्यातच आहे. आमच्या गावातल्या एका गटात हे वाचलं गेलं, तेव्हा दोन दिवस कुणी फारसं बोललं नाही. तिसऱ्या दिवशी एक मावशी म्हणाल्या, “आपल्या आळीत पण हे होतं. आपण बघितलं न्हाई म्हणून होतं न्हाई असं न्हाई.” वेगवेगळ्या वस्तीवरच्या बायका एका गटात असतील तर हे पुस्तक एकत्र वाचा. घाई करू नका.

चौथं, खास अंगणवाडी ताईंसाठी. अनुताई वाघ यांचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’. तेराव्या वर्षी लग्न, आणि थोड्याच महिन्यांत वैधव्य. त्या काळात अशा मुलीचं आयुष्य संपलंच म्हणायचे. अनुताई शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९४५ साली ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला गेल्या. तिथं आणि नंतर कोसबाडला आदिवासी मुलांसाठी त्यांनी जे केलं, त्यातूनच आपल्या अंगणवाडीची कल्पना पुढं आली. मूल शाळेत येत नाही, तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची. पोरं गुरं राखायला जातात, तर कुरणावर शाळा भरवायची. महागडी खेळणी नाहीत, तर पानं, बिया, शिंपले, बांबू यांच्यावर शिकवायचं. ज्या ताई साहित्य नाही, जागा नाही, म्हणून खचून जातात, त्यांना या पुस्तकात बळ मिळेल आणि उद्याच्या दिवसाला उपयोगी पडतील अशा युक्त्याही मिळतील.

पाचवं, सरपंच ताई आणि ग्रामपंचायतीतल्या सदस्यांसाठी. कविता महाजन यांची ‘ब्र’ ही कादंबरी, २००५ सालची. आपण म्हणतो ना, ‘तिनं ब्रसुद्धा काढला नाही’, त्यातला हा ‘ब्र’. १९९३ पासून पंचायतीत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. खुर्ची मिळाली, पण बोलायला कोण देतं? या कादंबरीत संस्थेत काम करणारी एक बाई आदिवासी भागात फिरते आणि सरपंच झालेल्या बायकांना भेटते. कुणाला सही करायला लावतात, कुणाला धमकावतात, कुणी सगळ्यांना पुरून उरते. कादंबरी मोठी आहे आणि काही ठिकाणी कठोर आहे. पण एकेका सरपंच बाईची हकीकत सुटी करून वाचता येते. मी तसंच वाचून दाखवते.

आणि शेवटचं, ज्यांना अक्षरच येत नाही अशा मावशींसाठी, आज्यांसाठी. तुम्ही म्हणाल, आम्हाला पुस्तकाचं काय? बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. जळगावकडची शेतकरी बाई. जात्यावर, शेतात, चुलीपुढं काम करताना त्या गाणी रचायच्या. त्यांचा मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एकानं ती उतरवून ठेवली. त्या गेल्या, आणि पुढच्या वर्षी, १९५२ साली, ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक निघालं. आचार्य अत्र्यांनी ती गाणी ऐकून ती छापलीच पाहिजेत असा आग्रह धरला आणि प्रस्तावनाही लिहिली. आज ही गाणी शाळेत शिकवतात. कुणी उतरवून घेतली नसती तर ती त्यांच्याबरोबरच गेली असती. तेव्हा मुलींनो, तुमच्या आजीला ओव्या येत असतील, तर एक शंभर पानी वही घ्या आणि लिहून काढायला बसा. तारीख घाला, आजीचं नाव घाला, गावाचं नाव घाला. ते तुमच्या घरचं पुस्तक होईल. आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत मी मुलींना हाच अभ्यास देते.

आता दोन-चार कामाच्या गोष्टी.

एक म्हणजे डोळे. चाळिशीच्या पुढं जवळचं अंधुक दिसायला लागतं. हे सगळ्यांचंच होतं. त्या चष्म्याला आपण ‘चाळिशी’ म्हणतो ते उगीच नाही. कितीतरी बायका म्हणतात, ‘वाचायचा कंटाळा येतो, डोकं दुखतं.’ तो कंटाळा नसतो, चष्म्याची गरज असते. सुईत दोरा ओवायला पोराला हाक मारावी लागते का? पुस्तक हात लांब करून धरावं लागतं का? मग सरकारी दवाखान्यात किंवा गावात नेत्रतपासणीचं शिबिर लागेल तेव्हा डोळे दाखवून या. घरातल्या पुरुषाचा चष्मा वेळेवर होतो, आपला राहून जातो. राहू देऊ नका.

दुसरं, गावातलं ग्रंथालय. आपल्या राज्यात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ साली झाला. त्याप्रमाणे सरकारमान्य ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग असतात आणि सरकारी अनुदान मिळतं. तुमच्या गावात किंवा शेजारच्या गावात असं ग्रंथालय असेल. तिथं पुरुष पेपर वाचत बसलेले असतात, म्हणून आपण पायरी चढत नाही. चौघी मिळून जा. वर्गणी किती, अनामत किती, एका वेळी किती पुस्तकं मिळतात, एवढं विचारा. बायकांसाठी कुठली पुस्तकं आहेत असं विचारू नका, सगळीच आपल्यासाठी आहेत. आणि मी आज सांगितलेली नावं एका कागदावर लिहून द्या. पुढच्या खरेदीत घ्या म्हणावं. वाचक मागतात तेव्हा ग्रंथपालालाही बरं वाटतं, हे मी अनुभवानं सांगते.

तिसरं, गटात वाचायचं कसं. बचत गटाच्या बैठकीत हप्ते गोळा झाले, वहीत लिहून झालं, की पंधरा मिनिटं ठेवा. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. हात रिकामे नकोत तर शेंगा फोडा, तांदूळ निवडा. वाचणारी दर वेळी बदला, पण जिला नको वाटतं तिला ओढू नका. कुणी अडखळली तर हसायचं नाही आणि शब्दही लगेच पुरवायचा नाही, तिला वेळ द्यायचा. गोष्ट रंगात आली की तिथंच थांबायचं. मग पुढच्या बैठकीला कुणाला बोलवावं लागत नाही. आणि शेवटी ‘यातून काय बोध घेतला’ असं विचारू नका. त्यानं शाळेत आलो असं वाटतं. विचारा, ‘तुला यातली कोण आवडली? तू तिच्या जागी असतीस तर?’ मग बघा, कशा एकेकजणी बोलत्या होतात.

चौथं, पुस्तक आवडलं नाही तर सोडून द्यायचं. कुणी मोठ्यानं चांगलं म्हटलंय म्हणून संपवलंच पाहिजे असं काही नाही. मी स्वतः वीस-पंचवीस पानं वाचून बघते, मन लागलं नाही तर परत ठेवते. भाजी घेताना आपण चार जुड्या उलटून बघतो, तसं पुस्तकही बघून घ्यायचं.

आणि पुस्तक खराब होईल म्हणून भिऊ नका. पेपरचं कव्हर घाला, चुलीपासून आणि लेकराच्या हातापासून जरा वर ठेवा. एवढं करूनही हळदीचं एखादं बोट लागलंच तर लागू दे. माझ्या कपाटात कोरी करकरीत पुस्तकं बरीच आहेत. ती कुणी उघडलीच नाहीत म्हणून कोरी राहिलीत. त्यांच्याकडे बघून मला आनंद होत नाही.

तर या आठवड्यात एवढंच करा. आज संध्याकाळी लेकराचं दप्तर बघा. गोष्टीचं पुस्तक असेल तर चार पानं मोठ्यानं वाचा. नसेल तर उद्या लेकराजवळ निरोप द्या, “बाईंना सांग, आईला पुस्तक पाहिजे.” घरात लग्नाला आलेली मुलगी असेल, तर तिच्या रुखवतात दोन पुस्तकं ठेवा आणि वर तिचं नाव लिहा. भांड्यांवर घालतो तसं. सासरी गेल्यावर तिला म्हणता येईल, ही माझी आहेत.

 वाचत राहा, आणि वाचून दाखवत राहा.